पाण्यावर मापं कशी आखतात: स्लालम कोर्स आणि दुबईची खाडी



हिवाळा सुरू झाला की आमचा सात-आठ जणांचा गट शनिवारी पहाटे एक बोट आणि दोराचं एक मोठं रीळ घेऊन, रीतसर परवानगी काढून, शारजापासून तासाभरावरच्या एका खाडीत जातो. वॉटर स्कीचा स्लालम कोर्स मांडतो, तीन तास खेळतो आणि दुपारचा वारा सुटायच्या आत सगळं उचलून परत येतो. मांडायला दीड तास, उचलायला एक तास. साहजिकच ह्या वर्षी एक सूचना आली: दोन्ही टोकांचे नांगर पाण्याखाली कायमचे ठेवून द्यावेत. वर बोया नाही, कुणाला दिसणार नाही, आणि आपला तासभर वाचेल.

माझा ह्याला विरोध आहे. तो का, हे सांगताना थोडा इतिहास सांगावा लागतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात वॉटर स्कीपासून. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचं गाव आहे. तिथला लेक पेपिन म्हणजे खरं तर मिसिसिपी नदीचंच रुंदावलेलं पात्र. राल्फ सॅम्युएलसन ह्या मुलाच्या डोक्यात आलं की बर्फावर स्की चालते तर पाण्यावर का नाही? आधी पिंपाच्या फळ्या वापरून झाल्या, मग बर्फावरच्या स्की. शेवटी त्यानं पाइनच्या दोन लांब फळ्या आणल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात घालून वाकवली आणि पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. २ जुलै १९२२ रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, भावाच्या बोटीमागे तो पाण्यावर उभा राहिला. त्यानं पेटंट घेतलं नाही. ते १९२५ साली फ्रेड वॉलरनं घेतलं, ज्यानं पुढे सिनेरामा काढला. सॅम्युएलसनला त्याचं श्रेय अधिकृतपणे मिळायला १९६६ साल उजाडलं.

१९३९ साली अमेरिकेत ह्या खेळाची राष्ट्रीय संघटना झाली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ जोन्स बीचला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पहिली जागतिक स्पर्धा १९४९ ची, फ्रान्समधल्या जुआं-ले-पँ इथली. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. पुढे मात्र तो ऑलिम्पिकमध्ये शिरला नाही.

आता मुद्दा स्लालमचा. हा शब्द नॉर्वेजियन, बर्फाच्या उतारावरून आलेला. बर्फात काठ्या रोवायच्या आणि त्यांच्यामधून वळणं घेत खाली यायचं. पाण्यावर हीच कल्पना आणायची तर पहिली अडचण अशी की काठी रोवायची कुठे? जमीन मीटर दोन मीटर खाली, कधी दहा मीटर खाली. वरचं पाणी हलतं, चढतं, उतरतं. आणि इथे तर मापाला फार महत्त्व आहे.

माप असं. कोर्स २५९ मीटर लांब. मधून बोट सरळ रेषेत जाते. सुरुवातीच्या गेटपासून पहिला बोया २७ मीटरवर, पुढे दर ४१ मीटरला एक, असे सहा, आणि शेवटी पुन्हा २७ मीटरवर बाहेर पडायचं गेट. २७ अधिक पाच वेळा ४१ अधिक २७, बेरीज २५९. हे सहा बोये मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर बाहेर, एक उजवीकडे, एक डावीकडे असे आलटून पालटून. स्कीवाल्यानं प्रत्येकाला बाहेरून वळसा घालायचा. बोटीच्या रस्त्याचे आणि गेटांचे मिळून आणखी १६, म्हणजे एकूण २२ बोये. पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांसाठी ५५. ५८ नं गेलात तर सगळा खेळ १६.०८ सेकंदांत संपतो. तेवढ्यात सहा वळणं!

खरी मजा दोराची. पूर्ण दोर १८.२५ मीटरचा. सहाही बोये पार झाले की वेग वाढवतात. कमाल वेग गाठला की दोर आखूड करत जातात: १६, १४.२५, १३, १२ आणि मग ११.२५. इथे गंमत बघा. बोट मधल्या रेषेवर, बोया साडेअकरा मीटर दूर आणि दोर सव्वाअकरा मीटर. म्हणजे दोर बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर माणसानं आपल्या अंगानं भरून काढायचं, पाण्याला जवळजवळ टेकेपर्यंत आडवं होऊन आणि एक हात लांबवून. जगातले सर्वोत्तम खेळाडू ह्याहूनही आखूड दोरापर्यंत पोचले आहेत.

आता समजा एखादा बोया अर्धा मीटर आत सरकला. त्या दिवशीचा तुमचा सगळा पराक्रम खोटा. फ्लोरिडातला माणूस आणि मी एकाच तक्त्यावर स्वतःला मोजू शकतो, ते केवळ दोन्हीकडचं माप एक आहे म्हणून. ह्या खेळात समोर प्रतिस्पर्धी नसतो, आकडाच असतो.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी ह्यावर सोपा उपाय काढला: स्वतःचा तलाव खणायचा. अमेरिकेत केवळ स्कीसाठी खणलेले लांबट, अरुंद खासगी तलाव भरपूर आहेत आणि त्यात कायमचा कोर्स असतो. बाकीच्यांना सार्वजनिक पाणी. तिथे मासे पकडणारे असतात, पोहणारे असतात, शिडाच्या होड्या असतात. त्यांच्या मधोमध पाव किलोमीटर लांबीचा कोर्स कायमचा पडून राहिला तर कुणीही कुरकुर करणारच. त्यातून उचलता येणारा कोर्स जन्माला आला.

त्याची रचना साधी आहे. मधोमध एक न ताणणारा मुख्य दोर, ज्यावर मापाच्या खुणा आधीच कायम केलेल्या असतात. प्रत्येक खुणेवर प्लास्टिकच्या किंवा अॅल्युमिनियमच्या नळ्यांचे आडवे हात, आणि हातांना बोये. पहिला नांगर टाकायचा, बोट वाऱ्याच्या तोंडाकडे हळूहळू न्यायची, रीळ सोडत जायचं आणि खूण आली की हात जोडायचा. शेवटी दोर ताणून दुसरा नांगर. म्हणजे मोजणी पाण्यावर करायचीच नाही, घरी अंगणात करायची आणि गुंडाळून पाण्यावर न्यायची. काही जण विचारतात की मोबाईलच्या जीपीएसवर का नाही लावत? कारण त्याची चूक काही मीटरची असते आणि आपल्याला सेंटिमीटर हवेत. तपासायला पायथागोरस पुरतो: गेटाच्या मध्यापासून पहिला बोया तिरका २९.३४७ मीटर, आणि एका बोयापासून पुढचा तिरका ४७.०११ मीटर. दहावीची भूमिती, बाकी काही नाही.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. अमिरातीत बारमाही नदी नाही. निवांत मोठं पाणी हवं तर ते मुख्यतः 'खोर' म्हणजे खाडीत. आणि खाडीला भरती-ओहोटी. पाणी मीटर-दीड मीटर चढलं की ताठ बांधलेला बोया बुडतो. ढिला बांधावा तर ओहोटीला भरकटतो. म्हणून बोया आणि दोर ह्यांच्यामध्ये रबरी ताण घालतात आणि पाणी थांबलेलं असतानाच कोर्स मांडतात. प्रवाह आडवा आला की २५९ मीटरची सरळ रेषा धनुष्यासारखी वाकते.

खाडीच्या पाण्यावर मापं घेणारे अर्थातच आम्ही पहिले नाही. आणि ह्या गोष्टीत मुंबईचा संबंध आहे. १८२० च्या जानेवारीत इंग्रजांनी ह्या किनाऱ्यावरच्या शेखांशी तह केला आणि लगेचच्या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारानं, म्हणजे बॉम्बे मरीननं, आखाताची मोजणी सुरू केली. ती १८२९ पर्यंत चालली. 'डिस्कव्हरी' आणि 'सायकी' ही त्यातली दोन जहाजं, गाय आणि ब्रक्स हे प्रमुख अधिकारी. गायच्या देखरेखीखाली लेफ्टनंट कोगन ह्यानं १८२२ साली दुबईच्या खाडीचा नकाशा काढला. त्याच्या शीर्षकात 'त्रिकोणमितीय' असा शब्द आहे. त्या पद्धतीत किनाऱ्यावर एक आधाररेषा नीट मोजतात आणि बाकीचं सगळं कोनांवरून काढतात. पाण्यावर साखळी टाकता येत नाही ना! खोलीसाठी शिसं बांधलेला दोर. पाण्यातलं माप जमिनीवरून आणायचं, ही युक्ती आमच्या रिळाच्या दोनशे वर्षं आधीची आहे.

हा नकाशा काही परोपकारासाठी नव्हता, हे उघड आहे. व्यापारी वाटा आणि आरमारी हुकमत हे त्यामागचं कारण. तरी नकाशा ह्या वस्तूचा एक गुण असा की तो परक्याला सांगतो: पाण्याखाली काय आहे, कुठे अडकशील. तिथे कधीही न आलेला तांडेलही त्याच्यावर विसंबू शकतो.

पुढे १९५० च्या दशकात दुबईच्या खाडीचं तोंड गाळानं भरत आलं. शेजारच्या शारजाच्या खाडीचा व्यापार गाळामुळेच मागे पडला होता. शेख रशीद बिन सईद अल मक्तूम ह्यांनी कुवैतकडून कर्ज उभारलं, हॅल्क्रो ह्या ब्रिटिश कंपनीच्या अभियंत्यांना बोलावलं आणि १९५९ ते १९६१ दरम्यान गाळ उपसून घेतला. निघालेल्या गाळानं काठाची सखल जमीन भरली. आजची दुबई बऱ्याच अंशी त्या निर्णयावर उभी आहे. हा पाण्याला कायमचा आकार देण्याचा मार्ग. पण तो राजानं, सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या बोटींसाठी घेतला होता.

आणि ह्याच समुद्राची त्याहून जुनी रीतही लक्षात घ्यावी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉरिमरनं हिंदुस्थान सरकारसाठी आखाताचं गॅझेटिअर लिहिलं. त्यात नोंद आहे की मोत्यांच्या शिंपल्यांचे समुद्रातले पट्टे किनाऱ्यावरच्या सगळ्या अरबांचे सामाईक मानले जात. कुणीही यावं, बुडी मारावी, हंगाम संपला की जावं. ते मोती बहुतेक मुंबईच्या बाजारात येत. पट्ट्यावर कुणी आपला खुंट ठोकून ठेवत नसे.

आपल्या कोकणात नेमकी उलटी रीत आहे. कोळी डोल जाळं लावतात ते प्रवाहाच्या तोंडाशी, समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधून. ते खुंट जागच्या जागीच राहतात. पण कुणाची जागा कुठली हे गावाला ठाऊक असतं आणि रीतीनं ठरलेलं असतं. म्हणजे कायमचा खुंट वाईट असं नाही. तो लपवलेला नसतो, हे महत्त्वाचं.

आता आमच्या नांगरांकडे येतो. सूचना करणाऱ्या मित्राचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. तो म्हणतो, दर शनिवारी जड नांगर टाकून ओढल्यानं समुद्री गवत खरवडलं जातं. एकदाच ठेवला तर एकदाच इजा. अमिरातीच्या पाण्यातलं हे गवत साधं नाही. डुगाँग म्हणजे समुद्रगाय त्यावरच जगते, आणि ऑस्ट्रेलियाखालोखाल डुगाँगची सर्वांत मोठी संख्या इथेच, मुख्यतः अबू धाबीच्या पाण्यात आहे. तेव्हा "उचलतो म्हणजे आम्ही निर्दोष" असं मला म्हणता येत नाही.

माझं उत्तर असं. एक, नांगर गवतावर टाकायचाच नाही. ओहोटीला तळ दिसतो तेव्हा वाळूची जागा हेरून ठेवायची, आणि उचलताना बोट थेट नांगरावर नेऊन तो सरळ वर ओढायचा. दोन, कायमचे नांगर हवेच असतील तर बंदर खात्याकडे अर्ज करावा, त्यांनी जागा ठरवावी, वर बोया असावा, नकाशावर नोंद व्हावी आणि ते इतरांनाही वापरता यावेत. अर्ज लिहायला मी तयार आहे. तीन, तोपर्यंत नकाशावर नाही ती वस्तू आपण पाण्याखाली ठेवायची नाही. खाडीत पहाटे जाळी टाकणारे येतात, त्यांत केरळचे आणि बांगलादेशचे मजूर पुष्कळ असतात. शंभर किलोच्या लपलेल्या नांगरात त्यांचं जाळं फाटलं तर ते तक्रार करायलाही कुठे जाणार नाहीत. आपला तासभर वाचवायला त्यांचा दिवस बुडवायचा, हे मला पटत नाही.

पुढच्या आठवड्यात गटाची बैठक आहे, तिथे हेच मांडणार आहे. बंदर किंवा सागरी कामाचा अनुभव असलेलं कुणी आपल्या मंडळींत असेल तर अर्ज कसा करतात ते जरूर कळवा. आणि कोर्स बघायला यायचं असेल तर कधीही या, फक्त मांडायच्या वेळेला या. रीळ धरायला दोन हात नेहमीच कमी पडतात.