मऊ स्प्रिंगांची वेगवान गाडी

वेगवान गाडी म्हटली की ती बसणाऱ्याची हाडे खिळखिळी करणारच, ही समजूत मोटारीच्या इतिहासात फार काळ टिकून राहिली. १९३० च्या सुमाराच्या स्पोर्ट्‌स गाड्या पाहिल्या तर ती कुठून आली हे कळते. डावे-उजवे चाक जोडणारा एकसंध आस, त्यावर ताठ पाटे, आणि चकत्यांच्या घर्षणावर चालणारे धक्काशोषक. चालकाला रस्त्यावरचा खडान् खडा जाणवे, आणि तो जाणवणे हेच गाडीने रस्ता धरून ठेवल्याचे लक्षण मानले जाई. वस्तुतः ही समजूत चुकीची आहे हे शालेय भौतिकशास्त्रावरूनही दाखवता येते. तरी ती मोडायला बराच काळ लागला.

आधी थोडे गणित करू. स्प्रिंगला वजन टांगले की ती काही सेंटीमीटर ताणली जाते. या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याने ५ ला भागा. येणारे उत्तर म्हणजे ते वजन दर सेकंदाला किती वेळा वरखाली होईल ती संख्या, म्हणजेच वारंवारता. वजन किती आणि स्प्रिंग कशाची, हे विचारावे लागत नाही. वर्गात मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन हे सहज पडताळता येईल. (स्प्रिंगेऐवजी रबरबँड घेतल्यास उत्तर थोडे चुकते, ते का, हा मुलांना विचारण्याजोगा वेगळा प्रश्न आहे.) आता ज्या गाडीचे पाटे तिच्या वजनाने जेमतेम ३ सेंटीमीटर दबतात, ती सेकंदाला जवळजवळ ३ वेळा हलेल. २५ सेंटीमीटर दबणाऱ्या स्प्रिंगांवरची गाडी एकदाच हलेल. चालताना आपले शरीर सेकंदाला साधारण दोन वेळा वरखाली होतच असते, त्यामुळे संथ हेलकावा आपल्याला खुपत नाही. सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे उभे हादरे मात्र सर्वांत जास्त जाचतात, कारण धड आणि पोटातील अवयव त्या टप्प्यात अनुस्पंदित होतात.

हे झाले सुखाचे. पकडीचे काय? वळताना किंवा ब्रेक दाबताना गाडीवर बल लावतो तो रस्त्याला टेकलेला टायर. ताठ स्प्रिंगेवरचे चाक उंचवट्यावर आपटून हवेत उडते, आणि हवेतल्या टायरला पकड कसली? मऊ स्प्रिंगेवरचे हलके चाक रस्त्याचा चढउतार गिरवत जाते. म्हणजे या बाबतीत सुख आणि पकड एकाच बाजूला आहेत.

मग सगळे अभियंते ताठ पाट्यांनाच का चिकटून होते? त्याला कारण होते. एकसंध आसाखाली मऊ पाटे बसवले तर एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचतो, पुढची चाके थरथरतात आणि सुकाणू हातात राहत नाही. शिवाय त्या काळची चासी म्हणजे दोन लांब तुळ्या आणि मधले आडवे दांडे, अशी शिडी होती. ती पिळवटे. पाटे ताठ आणि चासी लवचिक, अशा गाडीत खरी स्प्रिंग चासीच होऊन बसते, आणि तिची कंपने शमवायला तिथे कोणताही धक्काशोषक नसतो!

या कोड्याची उकल एका बाजूने मॉरिस ओली यांनी केली. हे मूळचे इंग्लंडचे, रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे आलेले अभियंते. १९३२ मध्ये त्यांनी एका गाडीवर सरकवता येणारी वजने लावून प्रयोग केले. स्प्रिंगा बदलायच्या, वजने पुढे-मागे न्यायची आणि गाडीत बसून कसे वाटते ते पाहायचे. सुख मोजणारे उपकरण नव्हते. बसणाऱ्याचे शरीर हेच उपकरण. त्यातून कळले ते असे, की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर गाडी नाक वरखाली न करता सपाट चालते. उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो, मागच्यांना नंतर. मागची बाजू जरा जलद हलली तर ती पुढचीला गाठते आणि दोन्ही टोके एकत्र वरखाली होतात. (एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून प्रवास केलेल्यांना टोकांची ही झोंबाझोंबी समजावून सांगायला नको.) पण इतक्या मऊ स्प्रिंगा एकसंध आसाला पेलणाऱ्या नव्हत्या. म्हणून पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र झुलते आधार द्यावे लागले, आणि १९३४ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत ते आले. व्हिन्चेन्झो लान्चिया यांच्या लॅम्डा गाडीत १९२२ मध्येच पुढची चाके स्वतंत्र होती. मात्र त्यामागचे गणित इतके उलगडले ते ओलींमुळे.

दुसरी बाजू जर्मनीतली. १९३६ चा हंगाम मर्सिडीजच्या शर्यती विभागाला फार वाईट गेला. तेव्हा विभागाची तांत्रिक सूत्रे घेतलेले रुडॉल्फ उलेनहाउट स्वतः शर्यतीची गाडी घेऊन न्युर्बुर्गरिंगवर फेऱ्या मारू लागले. त्यांचे निदान वर सांगितलेलेच होते : स्प्रिंगा ताठ, सांगाडा लवचिक. १९३७ च्या डब्ल्यू-१२५ गाडीत त्यांनी हे उलटे केले. सांगाडा लंबवर्तुळाकार पोलादी नळ्यांचा आणि भक्कम. स्प्रिंगा मऊ, चाकांना वरखाली व्हायला भरपूर वाव, आणि आंदोलने आवरायला द्रवाचे धक्काशोषक. जवळजवळ ६०० अश्वशक्तीची ही गाडी घेऊन रुडॉल्फ काराचिओला त्या वर्षी युरोपचे विजेते झाले. या शर्यतींना नाझी राजवटीचा पैसा होता आणि विजयाचा प्रचारासाठी वापर झाला, हेही नोंदवले पाहिजे. अभियांत्रिकीचा धडा मात्र स्वतंत्रपणे खरा आहे. १९६२ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस इलान या छोट्या स्पोर्ट्‌स गाडीत तोच दिसतो : कण्यासारखी ताठ पोलादी चासी आणि तिच्यावर आश्चर्य वाटावे इतक्या मऊ स्प्रिंगा.

टायरची कथाही अशीच वळणे घेते. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव काढून हवेची गादी बसवायची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये पेटंट केली. ती विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी ती पुन्हा शोधली. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी मोटारीला हवेचे टायर लावले. वाटेत ते पुनःपुन्हा फुटले, पण गाडी परतली. १९४६ मध्ये मिशलँने रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्याच्या बाजू लवचिक आणि रस्त्याला लागणारा पट्टा पोलादी तारांचा, त्यामुळे पकड वाढली. पण दगडी फरसबंदीवर हळू जाताना तो पट्टा खडखडाट थेट गाडीत पाठवू लागला. मग चाकाला किंचित मागे सरकता यावे म्हणून सांध्यांत रबरी बुश घालावे लागले. टायर बदलला की निलंबनही बदलावे लागते, ते असे.

१९७० च्या दशकात पिरेलीच्या पी-७ सारखे बुटक्या बाजूंचे टायर आले आणि पुढे त्यांची फॅशन झाली. माझ्या मते ताठपणाच्या जुन्या समजुतीने इथून पुन्हा प्रवेश केला. दुसरीकडे, जेकब रॅबिनो यांनी १९४८ च्या सुमारास अभ्यासलेला, चुंबकीय क्षेत्रात घट्ट होणारा लोहकणांचा द्रव २००२ मध्ये कॅडिलॅकच्या धक्काशोषकांत उतरला. काही मिलिसेकंदांत मऊचा ताठ होणारा हा धक्काशोषक आज अनेक स्पोर्ट्‌स गाड्यांत आहे.

तो महाग पडतो. ज्यांना साध्या उपायाने आराम हवा असेल त्यांनी आधी गळके धक्काशोषक बदलावेत, आणि मग टायरवरचे आकडे वाचावेत. २२५/४० आर १८ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर, आणि चाक १८ इंची. त्याऐवजी २०५/५५ आर १६ घेतला तर बाजू सुमारे ११३ मिलिमीटर होते, म्हणजे हवेची गादी पावपट उंच. बाहेरचा व्यास मात्र अनुक्रमे ६३७ आणि ६३२ मिलिमीटर, त्यामुळे वेगमापक फारसा फसत नाही. फक्त लहान चाकात ब्रेक मावतो ना आणि नव्या टायरचा भार-क्रमांक गाडीला पुरेसा आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.