शनिवार तेल्यांनी जपलेला शब्द

कोकणातले बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. शतकांच्या ओघात त्यांची हिब्रू भाषा गेली, ग्रंथही उरले नाहीत. परंपरा सांगते की तोंडी राहिला तो 'शेमा', म्हणजे देव एकच असल्याची ग्वाही. आपल्या तौहीदच्या कलम्याशेजारीच ठेवा ना!

आता शेमात ईश्वराचे नाव योद, हे, वाव, हे अशा चार अक्षरांत लिहितात, पण वाचताना 'अदोनाय' म्हणतात, म्हणजे 'माझा प्रभू'. सन 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडले, पुढे मूळ उच्चारही हरवला. पोथीविना जगलेल्या तेल्यांच्या कानाने जपला तो हा अदबीचा शब्द.

'यहुद्यांना देवाचे नावच ठाऊक नाही,' असा शेरा आपल्यात कधी कधी ऐकू येतो. मला तो पटत नाही. आपण पत्रिकेवर बिस्मिल्लाहऐवजी 786 का छापतो? कागद पायदळी गेला तर बेअदबी नको म्हणूनच ना? हिब्रूतही अबजदसारखी अक्षरांना मूल्ये आहेत. तिथे 15 लिहिताना 10 आणि 5 ची अक्षरे जोडत नाहीत, कारण ती त्या नावाचीच अक्षरे. त्याऐवजी 9 आणि 6 ची घेतात.

मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनागृह बांधले. त्याचे नाव 'शाअर हारहमीम', रहमतीचा दरवाजा. लोक त्याला जुनी मशीद म्हणत.