वर्मावर बोट

कुणी झोंबणारे खरे बोलले की आपण म्हणतो, 'अगदी वर्मावर बोट ठेवलंस!' इथे वाढलेल्या मुलांनी वर्म म्हणजे काय असे विचारले, तर काय सांगाल? संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत आणि मर्म म्हणजे घाव बसला तर जिवावर बेतेल अशी जागा. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या युद्धसूक्तात योद्ध्याची मर्मे वर्माने झाकण्याची भाषा आहे. मराठीत मात्र वर्म हीच दुखरी जागा होऊन बसली. तमिळमध्येही या विद्येचे नाव 'वर्मम'च आहे.

या जागांची नीट मोजदाद सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, सहाव्या अध्यायात सापडते. एकूण मर्मे 107. त्यांतल्या 19 ठिकाणी लागले तर मरण लगेच, 33 ठिकाणी काही काळाने. 44 ठिकाणी व्यंग राहते, 8 ठिकाणी नुसत्या वेदना. उरलेली तीन सर्वांत विलक्षण. त्यांतले एक, स्थपनी, दोन भुवयांच्या मधोमध. तिथे बाण रुतला तर तो आत असेपर्यंत माणूस जगतो, उपसला की मरतो. जखम पिकून बाण आपोआप गळाला तर वाचतो. रुतलेली वस्तू जागच्या जागी ओढून काढू नका, हे आजही प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये क्षिप्र, तळहाताच्या मध्यावर तलहृदय. सुश्रुत सांगतो, हात तुटला तर शिरा आकसतात, रक्त कमी जाते, माणूस जगू शकतो. पण ही मर्मे दुखावली तर रक्त फार वाहते. तेव्हा मनगटापाशी हात कापून टाकावा. वाचताना अंगावर काटा येतो, पण हे रणांगणावरच्या जखमी पाहिलेल्या वैद्याचे बोलणे वाटते. मर्मज्ञान म्हणजे शल्यतंत्राचा निम्मा विषय, असेही तिथे म्हटले आहे. थोडक्यात, ही यादी मारणाऱ्यासाठी नाही, शस्त्रक्रिया करणाऱ्यासाठी आहे.

केरळच्या कळरिपयट्टूत मात्र ती दोघांचीही झाली. तिथले गुरू मर्मावर प्रहार शिकवतात आणि मुरगळलेल्या-मोडलेल्यांवर उपचारही करतात. प्रहाराची विद्या मिळते ती अगदी शेवटी, विश्वासातल्या शिष्याला.

चीनमध्ये विचार वेगळा. 1027च्या सुमारास सोंग दरबारातल्या वांग वेईयी याने ॲक्युपंक्चर शिकवण्यासाठी माणसाएवढे दोन कांस्यपुतळे घडवून घेतले. परीक्षेला पुतळ्यावर मेण थापत आणि आत पाणी भरत, असे सांगतात. सुई बरोबर छिद्रात गेली तर पाणी बाहेर येई, नाहीतर विद्यार्थी नापास!

हे सगळे बोधिधर्माने भारतातून नेले, असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. कराटेच्या क्लासला जाणाऱ्या मुलांना तो जरूर आवडेल, पण माझा त्यावर विश्वास नाही. बोधिधर्माच्या नावावर सांगितला जाणारा व्यायामाचा ग्रंथ 1624चा, म्हणजे त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला. जागा जुळतात, हे खरे. स्थपनीच्या ठिकाणी चिन्यांचा यिनतांग आहे, क्षिप्राच्या ठिकाणी हेगू. पण शरीर दोघांचेही सारखेच, आणि वापर पाहा: जिथे घाव बसू नये म्हणून सुश्रुत बजावतो, तिथेच चिनी वैद्य दातदुखीसाठी सुई टोचतो. फक्त गरोदर बाईला तिथे टोचायचे नाही, असा त्यांचाही जुना दंडक आहे.