क्रॅनबेरी आणि लघवीची घाई

साठीच्या आसपासच्या अनेक भगिनी कार्यक्रमाला आल्या की दाराजवळचीच खुर्ची धरतात. प्रवासाआधी पाणी पीत नाहीत. विचारले तर हसून विषय बदलतात. न आवरणारी लघवीची घाई, दिवसभर फेऱ्या, रात्री उठणे, आणि तपासणीत मात्र संसर्ग किंवा दुसरा आजार सापडत नाही, अशा स्थितीला डॉक्टर ‘ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर’ म्हणतात. त्यावर हल्ली क्रॅनबेरीच्या गोळ्या सुचवल्या जातात.

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतले आंबट, लाल फळ. आपले करवंद अगदी वेगळ्या कुळातले, तेव्हा ‘देशी क्रॅनबेरी’ म्हणून त्यावर विसंबू नये. क्रॅनबेरीतील प्रोअँथोसायनिडिन ही द्रव्ये ई. कोलाय जिवाणूला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. ती त्याला मारत नाहीत. म्हणून उपयोग असलाच तर संसर्ग टाळण्यासाठी. झालेल्या संसर्गाला डॉक्टरांचेच औषध हवे.

कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये ५० अभ्यास एकत्र तपासले. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये क्रॅनबेरीमुळे धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. वृद्धाश्रमांसारख्या संस्थांत राहणारे वृद्ध आणि गर्भवती यांना फायदा दिसला नाही. पण हा हिशेब संसर्गाचा आहे, घाईचा नव्हे. जाहिरातीत दोन्ही एकाच खात्यात जमा केलेले असतात!

घाईशी जिवाणूंचा संबंध मात्र अगदीच नाही असेही नाही. निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक असते, असे पूर्वी मानत. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील संशोधकांनी २०१२च्या सुमारास दाखवले, की नेहमीच्या कल्चरमध्ये न दिसणारे जिवाणू मूत्राशयात राहतात. त्यांतला लॅक्टोबॅसिलस हा दह्यातल्या जिवाणूंचा भाऊबंद. घाईने लघवी सुटणाऱ्या स्त्रियांत तो कमी आणि गार्डनेरेला जास्त आढळला. हे कारण की परिणाम, याचा निकाल लागलेला नाही.

२०२१ मध्ये शंभरेक स्त्रियांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. रोज ५०० मिलिग्रॅम वाळवलेली क्रॅनबेरी २४ आठवडे घेणाऱ्यांच्या लघवीच्या फेऱ्या आणि घाई, दोन्ही नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. निकाल आशादायक आहे, पण एवढ्या लहान चाचणीवर दरमहा खर्च सुरू करावा असे मला वाटत नाही. त्याआधी चहा-कॉफी कमी करणे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, आणि दोन फेऱ्यांमधला वेळ हळूहळू वाढवण्याची सवय करून पाहावी. याला पैसे लागत नाहीत.

तरीही गोळी घ्यायचीच असेल तर डबीवरची बारीक अक्षरे वाचा. संसर्ग टाळण्याच्या अनेक अभ्यासांत दिवसाला ३६ मिलिग्रॅम प्रोअँथोसायनिडिन वापरले आहे. पुष्कळ डब्यांवर हा आकडाच नसतो. बाटलीतल्या तयार रसात साखर भरपूर असते, मधुमेहींनी तो टाळावा. वॉरफरिन घेणाऱ्यांनी किंवा मूतखडा होऊन गेलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. लघवीत रक्त, ताप किंवा जळजळ असेल तर गोळीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.