अल्टिमेटम गेम

वाटणीत अन्याय झाला असे वाटल्यास माणूस तो नाकारण्यासाठी स्वतःचे किती नुकसान सोसतो, हे अजमावण्याची प्रायोगिक पद्धत. व्हेर्नर ग्यूट, रोल्फ श्मिटबेर्गर व बेर्न्ट श्वार्त्से या जर्मन अर्थशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ती प्रसिद्ध केली. वाटाघाटींचे मानसशास्त्र, वर्तनलक्षी अर्थशास्त्र व मानवशास्त्र या शाखांत तिचा उपयोग होतो.

स्वरूप : परस्परांना अनोळखी अशा दोघांपैकी एकाकडे (प्रस्तावक) ठरावीक रक्कम देतात. तीतला किती वाटा दुसऱ्याला (प्रतिसादक) द्यायचा, हे त्याने एकदाच सांगायचे असते. दुसऱ्याने होकार दिल्यास तशी वाटणी होते. नकार दिल्यास दोघांनाही काहीच मिळत नाही. घासाघीस करता येत नाही. निव्वळ फायद्याच्या हिशेबाने प्रतिसादकाने मिळेल तो वाटा घ्यावा व प्रस्तावकाने कमीत कमी द्यावे. प्रत्यक्षात औद्योगिक देशांतील विद्यार्थी सामान्यतः ४० ते ५० टक्के वाटा देऊ करतात, आणि २० टक्क्यांखालचे प्रस्ताव सुमारे निम्म्या वेळा फेटाळले जातात.

पहिला प्रयोग : कोलोन येथील विद्यार्थ्यांच्या २१ जोड्यांना ४ ते १० मार्क एवढ्या रकमा देण्यात आल्या. सात प्रस्तावकांनी थेट निम्मा वाटा देऊ केला. आठवड्याने तोच प्रयोग पुन्हा घेतला, तेव्हा नकार वाढले.

नकाराचा अर्थ : प्रतिसादक रकमेइतकाच, किंबहुना अधिक, समोरच्याच्या वागण्याचा निवाडा करतो. सॅली ब्लाउंट यांच्या १९९५ च्या अभ्यासात वाटणी यंत्राने यादृच्छिकपणे ठरवली, तेव्हा लोकांनी बराच कमी वाटाही स्वीकारला. तोच वाटा माणसाने स्वतःच्या लाभासाठी ठरवलेला असला की ते नाकारत. एलिझाबेथ हॉफमन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रस्तावकाची जागा चाचणीत सरस ठरणाऱ्याला दिली. कमावलेल्या अधिकारामुळे प्रस्ताव लहान झाले, तरी नकार फारसे वाढले नाहीत. मॅथ्यू रेबिन यांची उपपत्ती (१९९३) हेतूला प्राधान्य देते. अर्न्स्ट फेर व क्लाउस श्मिट यांची (१९९९) अंतिम विषमतेला. दोन्हींना अनुकूल पुरावे आहेत.

क्षेत्रीय अभ्यास : विद्यार्थ्यांवरून साऱ्या मानवजातीविषयी अनुमान काढता येत नाही, हे या पद्धतीने दाखवून दिले, ही तिची सर्वांत मोठी कामगिरी होय. जोसेफ हेन्रिक यांनी पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातील माचिगेंगा लोकांत सुमारे दोन दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम ठेवून हा खेळ घेतला. तेथे सरासरी प्रस्ताव २६ टक्के होता. लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यांत तो ४८ टक्के होता. माचिगेंगांत २१ पैकी एकच प्रस्ताव नाकारला गेला. आपल्या वाट्याला प्रस्तावकाची जागा आली नाही हे दैव, त्यात कोणाचा दोष नाही, असे अनेकांचे मत होते.

पुढे १२ देशांतील १५ लहान समाजांत हेच काम झाले. इंडोनेशियातील लामालेरा येथे देवमाशाची शिकार बारा-पंधरा जणांच्या नावा करतात व मांसाचे वाटे काटेकोर रूढीने ठरतात. तेथे सरासरी प्रस्ताव निम्म्याहून अधिक होता. पापुआ न्यू गिनीतील आउ व नाउ लोकांत निम्म्याहून मोठे प्रस्तावही नाकारले गेले, कारण मोठी भेट स्वीकारणारा देणाऱ्याचा मिंधा होतो. बाजाराशी संबंध आणि निर्वाहासाठी लागणारे सहकार्य जेथे अधिक, तेथे प्रस्ताव मोठे आढळले. वय, लिंग किंवा संपत्ती यांवरून असा फरक उलगडला नाही. न्यायाची जाणीव सर्वत्र आहे. तिचे माप मात्र प्रत्येक समाज आपल्या जगण्यातून घडवतो.

रकमेचा परिणाम : स्टेफेन आंडेरसेन व सहकाऱ्यांनी ईशान्य भारतातील खेड्यांत २० ते २०,००० रुपयांपर्यंत रकमा ठेवल्या (निष्कर्ष प्रसिद्ध २०११). सर्वांत मोठी रक्कम सुमारे २०० दिवसांच्या मजुरीएवढी होती. रक्कम वाढली तसा देऊ केलेला हिस्सा घटला आणि अखेर नकार जवळजवळ नाहीसा झाला. यावरून गरिबाला अन्याय कळत नाही, असे म्हणणे चूक ठरेल. नकाराची किंमत परवडेनाशी झाली की तो गप्प बसून स्वीकारतो, एवढेच यातून दिसते.

मेंदूविषयक संशोधन : ॲलन सॅन्फी व सहकारी (२००३) यांना अन्याय्य प्रस्तावाच्या वेळी मेंदूच्या इन्सुला भागात वाढीव क्रिया दिसली.

प्राण्यांवरील प्रयोग : निष्कर्ष वादग्रस्त आहेत.

वाटाघाटींतील महत्त्व : वेतन, भाडे किंवा वारसाहक्काच्या तंट्यात आकडा वाढवूनही तडजोड होत नाही, तेव्हा दुसरा पक्ष हट्टी आहे असे मानण्याची सवय मध्यस्थांना असते. या प्रयोगांनुसार आकड्याइतकेच तो कोणी, कोणत्या अधिकाराने व कोणत्या हेतूने ठरवला, याला वजन असते. म्हणून वाटणीचा निकष दोन्ही पक्षांनी आधी मान्य करणे उपयुक्त ठरते. त्याचबरोबर दुबळ्या पक्षाचा होकार हा न्यायाचा पुरावा धरता येत नाही. त्याला नकार परवडत होता का, हे पाहणे मध्यस्थाचे कर्तव्यच आहे.