ताटावर हुकूम कुणाचा?

भाईंदर पश्चिमेला उत्तनकडे जाणारी बस पकडा आणि मुर्ध्याला उतरा. रस्त्यावर रिक्षांची घाई आहे, पण गावाबाहेर पडलात की खाजण लागतं, तिवरं दिसतात आणि खारट वारा तोंडावर येतो. या वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. मागे जायचं आहे, १९३० च्या एप्रिलमध्ये.

डांबर गेलं. तुमचे पाय अनवाणी आहेत आणि तुम्ही मिठागराच्या बांधावर उभे आहात. उधाणाच्या भरतीचं पाणी बांधाची वाट उघडून आत घेतलंय. एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत, तिथून तिसरीत ते सोडायचं, ऊन-वाऱ्यानं आटवायचं आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरू द्यायचं. या वाफ्यांची जमीन पावसाळा सरल्यावर तुम्हीच पायांनी तुडवून घट्ट केलीत. तळव्यांच्या भेगांत खार गेला की रात्रभर आग होते. मीठ लाकडी फळीनं ओढून राशी लावायच्या आणि पावसाच्या आधी त्या गवतानं शाकारायच्या. आगर पिकवणारे म्हणून तुम्हाला आगरी म्हणतात.

पण आज घरी निघताना या राशीतलं मूठभर मीठ सोग्यात बांधू नका, तो गुन्हा ठरेल. १८९० च्या मुंबई मीठ कायद्यानं परवान्याशिवाय मीठ करणं आणि सरकारी कर चुकवून नेणं या दोन्ही गोष्टींना बंदी आहे. मणामागे सव्वा रुपया कर आहे. समुद्र दारात, ऊन डोक्यावर, कष्ट तुमचे. तरी कालवणात मीठ किती पडावं हे लंडनच्या हिशेबावर ठरतं. श्रीमंत आणि मजूर मीठ जवळजवळ सारखंच खातात, म्हणून हा कर मजुरालाच जड जातो.

६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजी मूठभर मीठ उचलतात. १ जूनला वडाळ्याच्या मिठागरावर सुमारे पंधरा हजार माणसं चालून जातात. तुमच्या हातातल्या फळीकडे आता देश बघतो आहे. कर रद्द व्हायला मात्र १ एप्रिल १९४७ उजाडावं लागेल.

आता दक्षिणेला, अलिबागकडे चला. २७ ऑक्टोबर १९३३, गाव चरी. भात कापणीला आलंय. तुम्ही इथेही आगरीच आहात, पण इथं कूळ म्हणून राबता. खारे बांध घालून समुद्राकडून जमीन मिळवली ती तुमच्या बापजाद्यांनी. बांधाला खांड पडली की रात्रीअपरात्री सगळं गाव चिखल घेऊन धावतं. तरीही खळ्यावर भात मळून झालं की खोताचा, म्हणजे जमीनमालकाचा, वाटा आधी उचलला जातो. मागचं कर्ज, त्याचं व्याज, वर फुकटची वेठ हे सगळं फेडून झालं की कणगीचा तळ दिसू लागतो. भात पिकवणाऱ्याच्या घरात पेजेला तांदूळ मोजून घ्यावा लागतो.

आजच्या सभेला पंचवीस गावांतली माणसं जमली आहेत. शेतकऱ्यांचे नेते नारायण नागू पाटील बोलतात आणि ठराव होतो: खोताची जमीन कसायची नाही. पुढच्या पावसाळ्यात तुमचा नांगर वळचणीला पडून राहतो आणि शेतात गवत माजतं. तुम्ही रानातली लाकडं तोडून विकता, खाडीत मासे धरता, मोलमजुरी शोधता. पोरं भुकेली असतात, पण खोताच्या दारी कुणी जात नाही. १६ डिसेंबर १९३४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येतात. १९३७ मध्ये ते मुंबई विधिमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक मांडतात. संप जवळजवळ सहा वर्षं चालतो. १९३९ च्या कायद्यानं कुळाला कूळ म्हणून संरक्षण मिळतं आणि खोती १९४९ मध्ये कायद्यानं जाते. उपास काढून मिळवलेले हे कायदे आहेत.

१९७२ च्या मुंबईत थोडंच थांबा. दुष्काळ आहे, तेल, साखर आणि रॉकेल मिळेनासं झालंय. लाटणं हातात घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांमध्ये तुम्ही आहात. पुढे मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी आहेत. चूल सांभाळणारी बाई सरकारला भाव विचारते आहे.

आता मुर्ध्याला परत या. मधल्या काळात ताटावर हुकूम कुणाचा, हे जगही विचारू लागलंय. १९९६ मध्ये रोमला जागतिक अन्न परिषद भरली तेव्हा ‘व्हिया कॅम्पेसिना’ या शेतकऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं अन्न-सार्वभौमत्वाची मागणी पुढे केली: काय पिकवायचं, कसं पिकवायचं आणि काय खायचं हे ठरवण्याचा अधिकार माणसांना हवा. आपल्याकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं बियाणं जपून हाच अधिकार घरात राखला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं पात्र माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. तो हक्क मोलाचाच आहे आणि तो कुणी कमी करू नये. पण धान्य मिळणं वेगळं आणि अन्नावर आपला शब्द चालणं वेगळं. चरीच्या कुळांनी खोताकडे नुसता जास्त तांदूळ मागितला नाही, त्यांनी खळ्यावरचा अधिकार मागितला.

तोच प्रश्न आज इथं उभा आहे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कांजूर, भांडुप आणि मुलुंडकडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनासाठी घ्यायला मंजुरी दिली. मेट्रो ९ च्या कारशेडसाठी राई, मुर्धा, मोर्वा पट्ट्याचं नाव पुढे आलं तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, मग जागा डोंगरीकडे सरकली आणि तिथेही झाडांसाठी माणसं उभी राहिली. घर हवं, रेल्वे हवी, हे खरंच. पण मिठागर, भातखाचर आणि उत्तनची मासळी सुकवायची जागा नकाशावर मोकळी जमीन म्हणून रंगवली जाते, तेव्हा आपल्या जेवणाचा मोठा भाग कुणालाही न विचारता पुसला जातो.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की कायद्यानं हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. त्या वेळी नुसता विरोध लिहून थांबू नका. मिठागरं अन्नाची जमीन म्हणून नोंदवा, मासळी सुकवण्याच्या जागा आणि कोळणींचा बाजार आराखड्यात मागा, उरलेली भातशेती आरक्षित करा म्हणा. मुर्ध्याच्या आणि मोर्व्याच्या म्हाताऱ्यांना कोणता बांध कुठून जायचा हे ठाऊक आहे. त्यांच्याकडून ते लिहून घ्या आणि अर्जाला जोडा. चरीच्या माणसांकडे नकाशा नव्हता, पुरेसं भातही नव्हतं. तरी त्यांनी कायदा बदलवला. आपल्याकडे हरकत नोंदवण्याचा कायदा आहे, तो वापरणं ही आता आपली पाळी.