डर्बीचा निकाल लागायला चार वर्षे

सरकारी प्रयोगशाळेत औषधांचे आणि विषांचे नमुने तपासण्यात माझी उभी नोकरी गेली. म्हणून घोड्यांच्या शर्यतींचा इतिहास वाचताना माझे लक्ष जाते ते शर्यत संपल्यावर घोड्याच्या लघवीचा नमुना घेणाऱ्या माणसाकडे. अशाच एका नमुन्यावरून अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका शर्यतीचा वाद चार वर्षे चालला. सरकारी आयोगाने खेळावर देखरेख ठेवायची म्हणजे काय करायचे, हे मला त्या वादाने समजावले.

आपल्याकडची रीत वेगळी. महालक्ष्मीच्या रेसकोर्सला सरकार १९१२च्या कायद्याखाली परवाना देते. पण घोडा दुसऱ्याच्या आडवा आला का, जॉकीने मुद्दाम लगाम ओढून धरला का, याचा निवाडा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे स्टुअर्ड करतात. खेळाचा कारभार खेळातल्या प्रतिष्ठितांनीच पाहावा, ही इंग्लंडच्या जॉकी क्लबची परंपरा. केंटकीने १९०६ साली दुसरी वाट धरली. विधिमंडळाने कायदा करून गव्हर्नरने नेमलेल्या सदस्यांचा शर्यत आयोग स्थापला. एका जॉकी क्लबने त्याला आव्हान दिले, तेव्हा त्याच वर्षी संघराज्याच्या अपील न्यायालयाने कायदा उचलून धरला.

या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली ती ४ मे १९६८च्या केंटकी डर्बीत. लुईव्हिलच्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर चौदा घोडे सुटले. डान्सर्स इमेज हा करड्या रंगाचा घोडा सुरुवातीला सगळ्यांच्या मागे होता. बॉबी उसेरी या जॉकीने त्याला एकेकाच्या पुढे काढत नेले आणि फॉरवर्ड पासला मागे टाकून डर्बी जिंकली. घोड्याचे पाय दुखरे होते. म्हणून आदल्या रविवारी पशुवैद्याने त्याला फिनाइलब्युटाझोन हे सूज उतरवणारे औषध दिले होते. सरावाच्या दिवसांत ते चालत असे. शर्यतीच्या दिवशी मात्र अंगात त्याचा अंशही असता कामा नये, असा केंटकीचा नियम होता. सहा दिवसांत ते उतरून जाईल, असे सगळे धरून चालले होते.

पण शर्यतीनंतर घेतलेल्या डान्सर्स इमेजच्या लघवीच्या नमुन्यात रसायनतज्ज्ञाला ते औषध सापडले. मंगळवारी, ७ मे रोजी, स्टुअर्डांनी ते जाहीर केले. बक्षिसाच्या वाटपात डान्सर्स इमेज शेवटचा ठरला आणि पहिल्या क्रमांकाचे १,२२,६०० डॉलर फॉरवर्ड पासकडे गेले. ट्रेनरला तीस दिवसांची बंदी झाली. डान्सर्स इमेजवर पैसे लावलेल्यांना ते आधीच चुकते झाले होते. त्या हिशेबाला कोणी हात लावला नाही.

मालक पीटर फुलर गप्प बसले नाहीत. डर्बीच्या महिनाभर आधी याच घोड्याने जिंकलेले पैसे त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या विधवा पत्नीला दिले होते. त्या देणगीच्या रागातून कोणी सूड घेतला असावा, ही शंका त्यांच्या मनात कायम राहिली. अशा शंकेला उत्तर द्यायचे तर सगळा पुरावा उघड मांडावा लागतो. आयोगाने सुनावणी घेतली. फुलर यांच्या वकिलांनी चाचणी कशी केली, निष्कर्ष कसा काढला, हे खोदून विचारले. आयोगाने स्टुअर्डांचा निर्णय कायम केला. १९७०मध्ये कनिष्ठ न्यायालयाने तो फिरवला. १९७२मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने आयोगाचे म्हणणे पुन्हा ग्राह्य धरले. आयोगापुढे पुरेसा पुरावा होता का, एवढाच त्या न्यायालयापुढचा प्रश्न होता. शर्यत पुन्हा पळवायला न्यायाधीश बसलेले नव्हते.

नियम कठोर होता, असे मला आजही वाटते. पुढे केंटकीनेच हे औषध शर्यतीच्या घोड्यांना चालू दिले. पण नियम शर्यतीच्या आधी लिहिलेला होता आणि तो सगळ्यांना सारखा लागू होता. म्हणून तो बदलायचा तर पुढच्या शर्यतींसाठी बदलायचा, झालेल्या शर्यतीसाठी नाही. २०२१ची डर्बी जिंकलेल्या मेडिना स्पिरिटच्या अंगात बीटामेथाझोन सापडले, तेव्हाही हीच वाट चालावी लागली आणि फेब्रुवारी २०२२मध्ये त्याचा विजय रद्द झाला. आता अमेरिकेत शर्यतीच्या औषधांचे नियम देशपातळीवरच्या प्राधिकरणाकडे गेले आहेत.

कोर्टात आमच्या अहवालांवर वकील तुटून पडत, तेव्हा माझे सहकारी चिडत. मला मात्र ती उलटतपासणी हवीशी वाटे. प्रश्नांना तोंड देऊन टिकलेल्या अहवालावरच हरलेला माणूसही विश्वास ठेवू शकतो. ज्या खेळात परक्यांचा पैसा आणि मुक्या जनावराचे पाय पणाला लागतात, तिथे निवाडा क्लब करो वा आयोग, त्याला जाहीरपणे कारणे द्यायला लावलेच पाहिजे.